सातव्या चित्रातली सावली

भिवंडी
रविवार, १२ जून १९८८

ती. द्रौपदीआत्यास चंद्राचा जय भीम.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की ठाण्याच्या कला विद्यालयात चित्रकला शिक्षकाच्या कोर्ससाठी मी दिलेली वीसच्या वीस चित्रं माझ्या हातची आहेत. ते खरं नाही. एकोणीस माझी आहेत. सातवं चित्र माझं आहे, पण त्यातली सावली माझी नाही.

हे मला आठ तारखेला, मुलाखतीनंतर कळलं. सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

माझी चित्रं कशी असतात ते तुला माहीत आहे. घरातली एक वस्तू आणि शेजारी मी जमवलेला एक दगड. स्टोव्हशेजारी गणेशपुरीच्या कुंडाजवळून आणलेला पांढरट दगड. तांब्याशेजारी राहनाळच्या गोडाऊनच्या भरावात सापडलेला तांबूस दगड. सातव्या चित्रात आपला पाटा-वरवंटा आहे आणि त्याच्या शेजारी अंजूरच्या खाडीकाठचा काळा दगड, ज्याला शिंपल्याची पांढरी कडी चिकटलेली आहे. सगळं शाईने, बाबांनी शिकवल्याप्रमाणे. बाबा गोडाऊनमध्ये कापडाच्या गाठींवर पार्टीचं नाव आणि गाव रंगवतात, त्या मार्क्याची शाई पुसता येत नाही. म्हणून मी शाळेत जायच्या आधीपासून, बारदानाच्या तुकड्यावर, त्यांनी मला एकच नियम घालून दिला: पुसायचं नाही. रेघ चुकली तर ती राहू दे, बरोबर रेघ तिच्या शेजारी काढ.

मुलाखतीला तीन सर होते. मधल्या, पांढऱ्या केसांच्या सरांनी सातवं चित्र बराच वेळ हातात धरलं. ते म्हणाले, "बाकीच्या चित्रांत तुम्ही दगड ठेवलाय. इथे दगड बसलाय. या सावलीला वजन आहे." मग त्यांनी ते चित्र बाकीच्या दोघांना दाखवलं. आत्या, मला इतका अभिमान वाटला की खाली उतरताना मी जिन्याच्या पायऱ्या मोजायला विसरले.

चित्रं परत मिळाली. एस.टी.त बसून मी सातव्या चित्राची मागची बाजू पाहिली. प्रत्येक चित्रामागे मी तारीख, दगड कुठला, वस्तू कोणाची, आणि काही राहिलं असेल तर ते लिहिते. राहिलेलं पूर्ण झालं की त्यावर काट मारते. तिथे माझ्या अक्षरात होतं, "रवि. १ मे. सावली बाकी." त्यावर काट नव्हती.

एक मेच्या संध्याकाळी मला हिवताप भरला. पुढचे सहा दिवस मी उठले नाही. बरी झाल्यावर चित्रांचा गठ्ठा उघडला तेव्हा सातवं पूर्ण दिसलं, आणि मला वाटलं, तापात उठून आपणच केलं असेल. वाटलं म्हणून मी ते खरं धरलं, हाच माझा दोष. अर्जावर छापलेलं होतं, "सोबतची सर्व चित्रे मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय काढलेली आहेत." त्याखाली मी सही केली.

सावली बाबांनी घातली असणार. आमच्या घरात दुसरं कोण घालणार? पण त्यांना विचारायला धीर होत नाही. त्यांनी मायेनं केलं असेल आणि मी विचारलं तर त्यांना वाटेल की त्यांच्यामुळे पोरीचं नुकसान झालं. निवडीची यादी वीस तारखेला लागेल. नाव लागलं आणि मी गप्प राहिले, तर ती जागा मी खोट्या सहीवर घेतली असं होईल. सांगितलं, तर जागा जाईल. पुढच्या वर्षी बाबा मला घरी बसवणार नाहीत, पण लूमच्या कारखान्यात मोजणीला मुली हव्या आहेत असं चाळीत आत्तापासूनच चाललंय.

तू नर्स आहेस, रोज लोकांना खरं सांगतेस. मी काय करू?

तुझी
चंद्रा

—

नाशिक
गुरुवार, १६ जून

चि. चंद्रे,

तुझं पत्र नाईट ड्युटीवरून आल्यावर वाचलं आणि आधी हसले. एका सावलीसाठी आख्खं आंतरदेशीय भरवलंस. आमच्याकडे बाळ बदललं तरी इतकं लिहीत नाहीत. (बदललं नाही. घाबरू नकोस.)

ती सावली लहानूदादाचीच. त्याची ही खोड जुनी आहे. मी सहावीत असताना महाराष्ट्राचा नकाशा काढायला दिला होता. सकाळी उठून बघते तर कोकणची किनारपट्टी रंगवून झालेली, आणि खाली मोठ्या अक्षरात "भिवंडी", एवढं मोठं की मुंबईला जागाच उरली नव्हती. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. त्याला सांगितलं तर म्हणतो, "मुंबई काय, लोकांना म्हाईतच हाय."

आता माझं मत. त्याने तुझ्या हातात ब्रश दिला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुझ्या वीसही चित्रांत त्याचा हात आहे. मग एका सावलीपुरता त्याचा हात वेगळा कसा काढणार? सर म्हणाले दगड बसलाय, तर बसू दे ना. तूही बस. आपल्या घरात शिपायाच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, मी नर्स झाले. आता तू शिक्षक होशील. तुझ्या आजोबांनी शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरं ओळखली. त्या दारातून तू आत जाऊन फळ्यापुढे उभी राहणार आहेस, हे मी वॉर्डातल्या सगळ्यांना सांगून बसले आहे. डॉक्टरांनाही.

पण तू तू आहेस, माझं ऐकून तुला झोप लागणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून दादाला सरळ विचार. तो हो म्हणेल, दोघं मिळून चहा प्याल आणि विषय संपेल.

वहिनीला मात्र यातलं काही सांगू नकोस. शेवंतावहिनीला ऑफिस, सही, अर्ज म्हटलं की धास्ती वाटते. तिचा या चित्रांशी काय संबंध?

दगड अजून कॉटखालीच ठेवतेस का? गेल्या वेळी माझ्या पायाच्या अंगठ्याला लागला तो कुठला होता, तेही मागे लिहून ठेवलं असशील.

तुझी
आत्या

—

भिवंडी
मंगळवार, २१ जून १९८८

ती. आत्यास जय भीम.

आधी चांगली बातमी. यादीत माझं नाव आहे, तीस जणांत नववं. बाबांनी ठाण्याहून येताना पेढे आणले आणि चाळीत सगळ्यांना सांगत सुटले. बाळारामकाकांना त्यांनी दोनदा सांगितलं, दोनदा पेढा दिला. बाळारामकाका म्हणाले, "लहानू, आनकी एकदा सांग, भूक हाय." प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख मंगळवार, ५ जुलै आहे.

(तुझ्या अंगठ्याला लागलेला दगड राहनाळचा होता.)

आता दुसरी बातमी. यादी लागायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना विचारलं. आई मोरीत भांडी घासत होती. मी चित्र समोर ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, ही सावली तुम्ही घातलीत ना? मी रागावणार नाही."

ते चित्र उजेडाला धरून बघत राहिले. "मी?" म्हणाले. "मी कशाला घालू?"

"मग कोणी घातली?"

"तूच. दुसऱ्या कोनाला जमतंय? चांगली घातलीयस की."

मी सगळं सांगितलं. त्यांना राग आला नाही, पण ते थोडे लाजले. म्हणाले, "माझा हात गाठीवर चालतो चंद्रे, कागदावर न्हाय. गाठीला सावली कुठं असते? इकडून उचलली, तिकडं टाकली." मग आत्याचा नकाशा केला होता ना, असं मी म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. "तेव्हा मार खाल्ला तिनं," एवढंच म्हणाले. तू ते मार गाळून, हसत लिहिलंस, त्यांना अजून लागतं असं दिसलं.

तरी माझी खात्री होईना. मी त्यांना कोरा कागद आणि पेन दिलं आणि तशीच सावली काढायला सांगितलं. त्यांनी काढली. मग मी शेजारी काढली. तेव्हा जे दिसलं ते मी आधी पाहायला हवं होतं. बाबांच्या आणि माझ्या तिरक्या रेघा वर उजवीकडून निघून खाली डावीकडे उतरतात. सातव्या चित्रातल्या सावलीच्या सगळ्या रेघा उलट आहेत, डावीकडून निघून उजवीकडे उतरतात. आधी वाटलं, कागद फिरवून काढल्या असतील. मी कागद फिरवून बघितला. तसं करून काढल्या तर रेघेचं टोक दुसरीकडे बारीक होतं. या रेघा कागद सरळ ठेवून काढल्या आहेत, आणि काढणारा हात डावा आहे.

म्हणजे ती सावली बाबांची नाही. माझी तर नाहीच. मी घरात आलेल्या-गेलेल्या लोकांची यादी केली. मेच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांचा कंपाउंडर, शेजारची आनंदीबाई आणि बाळारामकाका, इतकेच आले. तिघेही उजव्या हाताचे. कंपाउंडर सुई उजव्या हाताने देतो, ते मला चांगलं आठवतं.

म्हणून विचारते, आपल्या घराण्यात डावखुरं कोणी होतं का? तुझ्या माहितीत कोणी? बाबा म्हणतात, आठवत नाही, आणि विषय बदलतात.

पाच तारखेच्या आत मला कळायला हवं. कोणाचं नाव सांगायचं तेच माहीत नसेल तर मी सरांपुढे काय बोलणार? "माझी नाही" एवढं सांगणं अर्धंच खरं होईल.

चंद्रा

—

नाशिक
रविवार, २६ जून

चि. चंद्रा,

तुझं पत्र परवा आलं. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. कालच लिहायला बसले होते, पण "डावखुरं कोणी होतं का" याच्या पुढे पेन हलेना.

होतं. आहे. तुझी आई.

दादा विषय बदलतो, कारण त्याला आठवतं. मलाही आठवतं, आणि मागच्या पत्रात "वहिनीचा काय संबंध" असं मी इतक्या सहज लिहून गेले, ते पुन्हा वाचून मला स्वतःची लाज वाटली. मी हे विसरले नव्हते. बाजूला ठेवलं होतं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. ती सगळं डाव्या हाताने करायची. भाकरी थापायची, पाणी ओतायची, केर काढायची. आमच्या आईला ते चालायचं नाही. डाव्या हाताने वाढलं तर जेवणाऱ्याच्या अंगाला लागत नाही, असं ती म्हणायची. ती वाईट बाई नव्हती, तिच्या आईने तिला जे सांगितलं ते ती सांगत होती. पण तिने वहिनीचा डावा हात मनगटाशी पदराच्या टोकाने कमरेला बांधला. स्वयंपाकाच्या आणि जेवणाच्या वेळी. एक पावसाळाभर.

आणि मला लक्ष ठेवायला बसवलं. गाठ सुटली, वहिनीने डावा हात पुढे केला, की मी ओरडून सांगायचे, "आई, डावा." मला ते काम आवडायचं. शहाणी म्हणून मला गुळाचा खडा मिळायचा. वहिनी कधी काही बोलली नाही. फक्त एकदा, आई बाहेर गेली असताना, मला म्हणाली, "द्रौपदी, हात दुखतोय गं, जरा सोड." मी सोडला नाही.

हॉस्पिटलात कोणाच्या हाताला पट्टी बांधताना अजूनही मी दोनदा विचारते, घट्ट होते का. सोबतच्या सिस्टर हसतात.

तिचे वडील सावळाराम खाणीत दगड फोडायचे. ती लहानपणी गल्लीतल्या बायकांचे पाटे टाकून द्यायची, म्हणजे पाटा गुळगुळीत झाला की छन्नीने त्याला पुन्हा खाचा पाडायची. हे तिने मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, हात बांधायच्या आधी. त्यानंतर तिने मला स्वतःहून काही सांगितल्याचं आठवत नाही.

आधी मी तुला लिहिलं की सरांना काही सांगू नकोस. ते मी मागे घेते. तुला जे करायचं ते कर. फक्त हे पत्र वहिनीला वाचून दाखव. सगळं. मधलं गाळू नकोस. तुझ्या हातून काही गळत नाही, म्हणूनच तुला सांगते आहे.

द्रौपदी

—

भिवंडी
गुरुवार, ३० जून १९८८

ती. आत्यास जय भीम.

तुझं पत्र काल आलं. पण मला त्याच्या आधी, सोमवारीच कळलं होतं. कसं ते सांगते, कारण त्यात माझी आणखी एक चूक आहे.

मी सातवं चित्र समोर ठेवून पाटा पुन्हा काढायला बसले होते, रेघा ताडून बघायला. पाट्यावरच्या खाचा काढताना माझा हात अडकला. त्या खाचा सगळ्या एका बाजूला कललेल्या आहेत, डावीकडून उजवीकडे. मी जुन्या चित्रात पाहिलं. तिथेही मी त्या तशाच काढल्या होत्या. एक मे रोजी, ताप येण्याच्या आधी, माझ्या स्वतःच्या हाताने. जसं दिसतं तसं काढायचं म्हणून काढलं आणि काय काढलं ते मला कळलं नव्हतं. खाली सावलीच्या रेघा त्याच बाजूला कललेल्या होत्या. एकच हात.

आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आई, आपला पाटा कोण टाकतं?"

"कोन म्हंजे? मीच."

"कधी?"

"तू शाळंत अस्तीस तवा. दुपारचं दार लोटून घेते." मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने ताट खाली ठेवलं. "का गं? तुटला का कुठं?"

मी तिला चित्र दाखवलं आणि म्हणाले, "ही सावली तू घातलीस?"

ती म्हणाली, "व्हय. मंग?"

इतकं सोपं होतं, आत्या. मी आठवडाभर याद्या करत होते, आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "का घातलीस?"

"तू तापात फणफणली व्हतीस. सारखी म्हनायची, बाकी हाय, बाकी हाय. मी बगितलं तर पाटा आधांतरी दिसत व्हता. पाटा असा न्हाय बसत. केवढा जड हाय तो, मी उचलते, मला म्हाईत. मंग तुजं पेन घेतलं न टाकली सावली. अर्धी वाटलेली चटनी ठेवून कोन झोपतं का?"

तिच्या दृष्टीने ते घरातलं राहिलेलं काम होतं. मी आजारी होते म्हणून तिने उरकलं, जसे तिने त्या आठवड्यात माझे कपडे धुतले.

मी तिला सरांचं बोलणं सांगितलं, दगड बसलाय म्हणाले ते, वजन आहे म्हणाले ते. तिने दोनदा विचारलं, "सायेब म्हनले असं?" मग हातातला तांदूळ पुन्हा त्याच ताटात टाकून निवडायला लागली. निवडलेलाच तांदूळ होता तो.

मग मी तिला अर्जावरच्या सहीचं सांगितलं. तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मंग तुजी जागा जाईल न्हवं? सांगू नगं. तूच काढलं म्हन. मी कोनाला बोलनार न्हाय." मी म्हणाले, "मी बोलणार आहे." तिने ताट बाजूला सरकवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "चुकलं माजं." मी म्हटलं, "आई, त्या वीस चित्रांत सगळ्यांत चांगलं जे आहे ते तुझं आहे, आणि तू म्हणतेस चुकलं." हे मी जरा मोठ्याने म्हणाले असेन, कारण आनंदीबाई दारात आल्या.

त्या संध्याकाळी बाबा आले तेव्हा आम्ही दोघी कागद पसरून बसलो होतो. मी तिला समोर वरवंटा ठेवून दिला होता. आधी तिने पेन उजव्या हातात घेतलं. दोन रेघा काढून तिने ते डाव्या हातात घेतलं आणि बाबांकडे बघितलं. बाबा चपला न काढता उभेच होते. म्हणाले, "काढ की. मी काय बोललो?" तिने काढलं. न पुसता, कारण पुसायचं असतं हे तिला माहीतच नाही. काढून झाल्यावर बाबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मला इतकी वर्षं वाटत व्हतं, या घरात मास्तर मी हाय."

"व्हतास," आई म्हणाली. "आता चपला काड."

काल तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. बाबाही बसले होते. काही गाळलं नाही. "जरा सोड" तेही वाचलं. आई भिंतीला टेकून ऐकत होती. पत्र संपल्यावर तिने गुळाच्या खड्याची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहिते: "द्रौपदी ल्हान व्हती. गूळ कोनाला नगं? तिला लिही, डाव्या हातानं वाटलेली चटनी सगल्यात जास्ती तीच खायची, न तिच्या अंगाला चांगली लागली." बाबा उठून बाहेर गेले. तेही आठवत असून कधी बोलले नव्हते. परत आले तेव्हा त्यांनी आईसमोर पान-सुपारी ठेवली, तिच्या डाव्या बाजूला.

आता माझी दुसरी चूक. बाराव्या चित्रात कॉटखालच्या माझ्या दगडांच्या डब्यातली एक बोथट लोखंडी छन्नी आहे. बाबांच्या सामानातली असेल असं समजून मी ती काढली होती आणि मागे लिहिलं होतं, "मालक माहीत नाही." ती सावळाराम आजोबांची. आईने ती माझ्या दगडांत ठेवली, कारण त्या डब्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही आणि मला दगडांपुढे दुसरं काही दिसत नाही, असं ती म्हणते. मागची ओळ मी खोडली नाही. तिच्या शेजारी लिहिलं, "मालक: शेवंता." मी घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू काढली, आत्या. त्या वापरणारा हात लहानपणापासून माझ्यासमोर होता.

काल रात्री मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. तीनदा लिहिला, हा तिसरा: "चित्र क्रमांक सातमधील सावली माझी आई शेवंता हिने माझ्या आजारपणात, मला न सांगता, घातली आहे. माझी सही त्या चित्रापुरती चुकीची ठरते. माझा विचार उरलेल्या एकोणीस चित्रांवर व्हावा. त्यात जागा बसत नसेल तर ती पुढच्या नावाला द्यावी." बाबांनी वाचून शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे ल्ह्यायलाच पायजे?" म्हणाले. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे."

जागा राहील की जाईल, मला माहीत नाही. मी घाबरलेली नाही असं लिहिलं तर तेही तुला पुन्हा दुरुस्त करून कळवावं लागेल. पण या घराबद्दल मला इतका अभिमान यादी लागली त्या दिवशीही वाटला नव्हता.

आई सोबत येणार आहे. सरांनी विचारलं तर ती त्यांच्यासमोर काढून दाखवेल, असं तिनेच सुचवलं. चित्राखाली तिचं नाव हवं म्हणून मी तिला ते लिहायला शिकवते आहे. आजवर तिने सगळीकडे अंगठाच दिला. रेशन कार्डावर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे अंगठा डाव्या हाताचाच आहे. सरकारला तो चालत होता. आता त्याच हाताने ती "शेवंता" लिहिते. "शे"ची मात्रा अजून भरकटते, पण रेघ थरथरत नाही. सातव्या चित्राखाली, माझ्या नावाशेजारी, तिने काल लिहिलं. कागद वाळेपर्यंत तिने कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

बाबांनी चित्रं नेण्यासाठी दोन पुठ्ठे घालून बारदानाची पिशवी शिवून घेतली आहे. आज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी त्यांनी ब्रश आणि गाठींची काळी शाई काढली आणि पिशवीवर त्यांच्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात मार्का मारला: "शेवंता – चंद्रा. भिवंडी ते ठाणे. नग २०." मग ब्रश वर धरून थांबले आणि मला म्हणाले, "तारीख सांग. ही शाई निघायची न्हाय, इचार करून सांग."

प्राचार्य कोणत्या दिवशी भेटतात ते मी विचारून ठेवलं होतं. सकाळी सव्वाआठची एस.टी. आहे, आणि शेवटच्या तारखेला अजून एक दिवस उरतो. मी सांगितलं, आणि त्यांनी लिहिलं: सोमवार, ४ जुलै १९८८.